एक विधानसभा, दोन राज्ये आणि आमची माणसे

आमच्या बेने इस्राएल समाजाचा इतिहास म्हटले की नवगावचा किनारा, शनवार तेली, १७९६ ची जुनी मशीद आणि इस्रायलला जाणारी जहाजे आठवतात. १९५७ ते १९६२ ही विधानसभेची मुदत आपल्या बोलण्यात क्वचितच येते. पण त्याच मुदतीच्या मध्यावर आमचा समाज दोन राज्यांत वाटला गेला, म्हणून ती नीट समजून घेतली पाहिजे.

१९५७ ची निवडणूक झाली ती द्विभाषिक मुंबई राज्याची. कच्छ-सौराष्ट्रापासून विदर्भ-मराठवाड्यापर्यंत पसरलेल्या या राज्याच्या विधानसभेत ३९६ जागा होत्या. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री, सयाजी सिलम सभापती. काँग्रेसला बहुमत मिळाले, पण पश्चिम महाराष्ट्रात संयुक्त महाराष्ट्र समितीने तिला मोठा धक्का दिला. एस. एम. जोशी आणि आचार्य अत्रे निवडून आले. तिकडे इंदुलाल याज्ञिक महागुजरातची चळवळ चालवीत होते. सभागृह मुंबईत रीगलजवळच्या जुन्या सेलर्स होमच्या इमारतीत भरे. मराठी आणि गुजराती आमदार एकाच छपराखाली बसून वेगळे होण्याची मागणी करीत होते.

आमची घरे दोन्हीकडे होती. कुलाबा जिल्ह्यात अलिबाग, रेवदंडा, पेण, पनवेल. शिवाय मुंबई, ठाणे, पुणे. आणि तिकडे अहमदाबाद. रेल्वे, लष्कर, दवाखाने अशा नोकऱ्यांच्या मागे आमचे लोक गुजरातेत गेले आणि तिथेच राहिले. १९३४ मध्ये त्यांनी खमासाजवळ मागेन अब्राहम ही मशीद बांधली. कांकरियाचे प्राणिसंग्रहालय उभे करणारे रूबेन डेव्हिड त्यांच्यातलेच. घरात मराठी, बाजारात गुजराती, प्रार्थनेत हिब्रू असा त्यांचा रिवाज. राज्य भाषेवर ठरणार म्हटल्यावर त्यांनी कोणत्या बाजूला उभे राहायचे? भाषावार राज्याचा हिशोब घरातली बोली आणि राहते गाव जुळते असे धरून चालतो. अहमदाबादच्या आमच्या लोकांचे ते जुळत नव्हते. आमच्यासाठी राखीव जागा नव्हती, आणि संख्या एवढी थोडी की आमच्या मतांवर कोणताच मतदारसंघ फिरला नसता.

मुंबई पुनर्रचना कायदा संसदेने केला आणि १ मे १९६० ला दोन राज्ये झाली. आमदारांसाठी नवी निवडणूक झाली नाही. ज्याचा मतदारसंघ जिकडे, तो तिकडचा आमदार. २६४ महाराष्ट्राकडे, १३२ गुजरातकडे. मुदतही मूळ सभेचीच धरली गेली. १९५७ ला एक म्हणून निवडलेली विधानसभा १९६२ च्या निवडणुकीपर्यंत दोन होऊन चालली.

गुजरातच्या विधानसभेला स्वतःची इमारत नव्हती. ती अहमदाबादच्या सिव्हिल हॉस्पिटलच्या इमारतीत भरली. पहिले मुख्यमंत्री डॉ. जीवराज मेहता. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयाचे पूर्वीचे डीन म्हणून आम्हां परिचारिकांना हे नाव परके नाही. त्याआधी द्विभाषिक राज्याचे अर्थखाते त्यांच्याकडेच होते.

सरकारी नोकरांचीही वाटणी झाली. कोणी महाराष्ट्राकडे, कोणी गुजरातकडे. सरकारी दवाखाने, कचेऱ्या, शाळा यांत काम करणाऱ्यांना याची झळ लागली. रेल्वे केंद्राची असल्यामुळे रेल्वेतले लोक सुटले. कायदे मात्र लगेच बदलले नाहीत. मुंबई राज्याचा १९५० चा सार्वजनिक विश्वस्त कायदा दोन्हीकडे चालू राहिला. फरक इतकाच, की हिशोब पाहणारे धर्मादाय आयुक्त आता दोन झाले. १९४९ चा दारूबंदी कायदाही दोन्हीकडे होता. महाराष्ट्रात तो पुढे सैल झाला, गुजरातेत घट्ट राहिला. आमच्या किद्दूशला त्याची अडचण नव्हती, कारण काळ्या मनुकांचे शरबत ही आमची जुनीच रीत.

त्या वर्षांत समाजाचे लक्ष दुसरीकडे होते. कुटुंबे इस्रायलला जात होती, आणि तिथल्या धर्मपीठाने आमच्या विवाहांबद्दल शंका काढली. तो वाद १९६४ पर्यंत चालला. एवढ्या मोठ्या प्रश्नापुढे राज्याची सीमा कोणाला महत्त्वाची वाटणार? ती सीमा आखली गेली आणि आम्ही मुकाट्याने तिच्या दोन्ही बाजूंना राहिलो.

परिणाम पुढच्या पिढीत दिसला. अहमदाबादची मुले गुजराती आणि इंग्रजी शाळांत शिकली. आजीची मराठी स्वयंपाकघरात आणि मलिद्याच्या ताटाभोवती उरली. इथे कतारमध्ये, मुऐदरला, ओळख होताच माणूस प्रथम राज्य विचारतो. अहमदाबादचा बेने इस्राएल 'गुजरात' म्हणतो आणि आडनाव सांगतो ते कोकणातल्या गावाचे. ऐकणारा गोंधळतो. दोन्ही उत्तरे खरी आहेत.

आमची वाचकांना विनंती आहे. १९६० च्या सुमाराचे बदलीचे हुकूम, नेमणुकीची पत्रे, मशिदीच्या विश्वस्तांचे कागद घरात असतील तर रद्दीत घालू नका. विधानसभेचे कामकाज छापील खंडांत जपलेले आहे. आमच्या घरांत काय घडले, हे त्या खंडांत सापडणार नाही.