दोन जानेवारीला ग्रानादात

रमजान ईदेच्या दिवशी शीरखुर्म्याच्या वाट्या रिकाम्या झाल्या आणि लेकीने विषय काढला. "अब्बा, तीस वर्षं वर्गात अंदलूस शिकवलंत. आता एकदा डोळ्यांनी बघा. नाताळच्या सुट्टीत आम्हा दोघांना रजा मिळते, पोरीची शाळाही बंद असते." जावयांनी लगेच कागद पुढे ओढला. मुंबईहून निघायचे, आखातात विमान बदलायचे, स्पेनमध्ये उतरून कोर्दोबा, मग सेव्हिल, मग ग्रानादा. मध्ये तारिफा बंदरातून बोटीने समुद्रधुनी ओलांडून मोरोक्कोतले तंजेर. बेगमने एकच अट घातली, फार पायऱ्या चढायला लावू नका.

आठवड्याने आमची आठवीतली नात हातात वही घेऊन आली. तिने सगळ्या तारखा तपासल्या होत्या.

"नाना, दोन जानेवारीला आपण ग्रानादात आहोत. त्या दिवशी तिथं सण असतो. आपल्याला हरवल्याचा."

जावई म्हणाले, "मग तारीख बदलू. कशाला मन खट्टू करून घ्यायचं?" बेगमचेही तेच मत पडले. मी दोन दिवसांची मुदत मागून घेतली. 'आपल्याला' या पोरीच्या शब्दाशी मी अडलो होतो.

पोरीचे म्हणणे खरे होते. २ जानेवारी १४९२ रोजी ग्रानादाचा शेवटचा नसरी सुलतान अबू अब्दुल्लाह, म्हणजे स्पॅनिश लोकांचा बोअब्दिल, याने शहर फर्नांदो आणि इसाबेल या राजाराणीच्या स्वाधीन केले. आजही दरवर्षी त्या दिवशी ग्रानादात मिरवणूक निघते, नगरपालिकेच्या सज्जातून ध्वज फडकावला जातो. अल्हम्राच्या बुरुजावरची घंटा दिवसभर वाजत राहते. ती वाजवणाऱ्या मुलीचे वर्षाच्या आत लग्न ठरते, अशी समजूत आहे. आणि त्याच दिवशी 'हा सण नको' म्हणणारे ग्रानादाचेच नागरिक विरोधाचे फलक घेऊन उभे असतात. ते काही मुसलमान म्हणून उभे नसतात, त्या शहराचे रहिवासी म्हणून उभे असतात.

अंदलूस म्हटले की आपल्याकडे पहिली आठवण येते ती हळहळीची. अल्लामा इक्बाल १९३३च्या जानेवारीत, म्हणजे हिवाळ्यातच, स्पेनला गेले. कोर्दोबाच्या मशिदीत त्यांनी नमाज पढली आणि 'मस्जिद-ए-कुर्तुबा' ही नज्म जन्माला आली. आपल्या कितीतरी घरांत अंदलूस पोहोचला तो असा, उर्दूतून आणि उसासा होऊन. ती नज्म मोठीच आहे. पण नुसत्या उसाशाने अर्धा इतिहास झाकला जातो.

कोर्दोबाजवळ मदीनतुज़्ज़हरा ही खलिफांची राजनगरी उत्खननात सापडली आहे. ती कोणी उद्ध्वस्त केली? ख्रिस्ती फौजांनी नव्हे. १०१० ते १०१३ या काळातल्या यादवीत खलिफांच्याच बंडखोर सैनिकांनी ती लुटली आणि जाळली. १०३१मध्ये खिलाफत संपली आणि लहानलहान राज्ये एकमेकांच्या उरावर बसली. १२४८मध्ये फर्नांदो तिसऱ्याने सेव्हिल घेतले, तेव्हा त्याच्या बाजूने ग्रानादाच्या नसरी घराण्याचा संस्थापक मुहम्मद पहिला याची तुकडी लढत होती. अल्हम्राचे बांधकाम सुरू करणारा सुलतान तो हाच.

दुसरी बाजूही तितकीच गुंतागुंतीची आहे. १२३६मध्ये कोर्दोबा ख्रिस्ती राजाकडे गेले, मशिदीचे कॅथेड्रल झाले, तरी इमारत बहुतांशी तशीच राहिली. १५२३मध्ये पाद्र्यांनी मधले खांब पाडून तेथे उंच चर्च उभारायचे ठरवले, तेव्हा कोर्दोबाच्या नगरसभेने, ख्रिस्ती नगरसभेने, पाडकामाला हात लावणाऱ्या कारागिराला मृत्युदंडाची धमकी दिली. बादशहा कार्लोस पाचव्याने पाद्र्यांच्या बाजूने कौल दिला म्हणून चर्च झाले. सेव्हिलचा अल्काझार पाहा. चौदाव्या शतकात पेद्रो या ख्रिस्ती राजाने तेथे महाल बांधला, ग्रानादाचे कारागीर बोलावले आणि भिंतींवर अरबी अक्षरे कोरून घेतली. मग 'आपण' कोण आणि 'ते' कोण? राजांच्या लढाईत ही रेघ सरळ ओढता येत नाही. पन्हाळा आपल्या डोळ्यांसमोर आहे. शिलाहार, यादव, बहमनी, आदिलशाही, शिवाजी महाराज, मोगल, पुन्हा मराठे. गड तोच, तटाचे दगड तेच.

माझ्या मते ग्रानादाचे खरे दुःख दोन जानेवारीला घडलेच नाही. ते त्यानंतर घडले.

शहर स्वाधीन करण्याआधी, २५ नोव्हेंबर १४९१ रोजी, तह झाला होता. मुसलमानांचा धर्म, मशिदी, काजी, रीतिरिवाज, मालमत्ता यांना हात लावला जाणार नाही, असे वचन राजाराणीने लिहून दिले होते. पण तीन महिन्यांत, ३१ मार्च १४९२ रोजी, त्याच अल्हम्रातून यहुद्यांना देशाबाहेर काढण्याचा हुकूम सुटला. ज्यांना पुढे आपली पाळी येणार हे कळायला हवे होते त्यांना ते कळले की नाही, कोण जाणे. १४९९मध्ये कार्डिनल सिस्नेरोस ग्रानादात आला. सक्तीचे धर्मांतर सुरू झाले, बिब-रम्बला चौकात अरबी ग्रंथांची होळी झाली. बाप्तिस्मा घेतलेल्या या लोकांना 'मोरिस्को' म्हणू लागले. धर्म बदलला तरी संशय सुटला नाही.

१५६७मध्ये नवा हुकूम निघाला. अरबी बोलायचे नाही, लिहायचे नाही, जुना पेहराव करायचा नाही, बायकांनी चेहरा झाकायचा नाही, हमाम बंद. तेव्हा फ्रान्सिस्को नुन्येझ मुलेय नावाचा एक वृद्ध मोरिस्को सरदार उभा राहिला आणि त्याने अधिकाऱ्यांपुढे लेखी अर्ज ठेवला. त्याचा युक्तिवाद असा, की पेहराव, गाणे-बजावणे, भाषा या गोष्टी धर्माच्या नाहीत, मुलखाच्या आहेत. जेरुसलेमकडचे ख्रिस्ती अरबीच बोलतात, माल्टाचे ख्रिस्तीही तशीच भाषा बोलतात, म्हणून ते कमी ख्रिस्ती ठरतात काय? अर्ज फेटाळला गेला. १५६८मध्ये आल्पुहारा डोंगरात बंड पेटले, १५७१पर्यंत ते चिरडले गेले, ग्रानादाच्या मोरिस्कोंना देशभर पांगवण्यात आले. शेवटी १६०९ ते १६१४ या वर्षांत सुमारे तीन लाख माणसांना जहाजांत भरून मायदेशातून हाकलले.

हे लोक कोण होते? पुष्कळांना तोवर अरबी येतही नव्हती. ट्युनिसियात जाऊन वसलेले मोरिस्को तेथे कित्येक वर्षे स्पॅनिशच बोलत राहिले. स्पेनच्या आरागोन भागातल्या अल्मोनासिद दे ला सिएर्रा या गावी १८८४मध्ये एक जुने घर पाडताना खोट्या तख्तपोशीमागे हस्तलिखितांचा साठा सापडला. त्यातल्या कितीतरी पोथ्यांची लिपी अरबी होती आणि भाषा स्पॅनिश. दुआ, मसले, पैगंबरांच्या कथा, सगळे गावच्या बोलीत लिहिलेले. ज्यांना 'परके' म्हणून हाकलले, ते आपल्या अल्लाहशी स्पॅनिशमध्ये बोलत होते.

हे वाचताना मराठी मुसलमानाला आरसा समोर धरल्यासारखे वाटल्याशिवाय राहत नाही. 'तुम्ही मुसलमान असून मराठी इतकं छान कसं बोलता?' हा प्रश्न आपल्यापैकी कोणी ऐकलेला नाही? भाषा धर्माची नसते, मुलखाची असते, हे नुन्येझ मुलेयने अर्जात लिहिले ते शेख महंमदांनी श्रीगोंद्यात मराठी ओव्या रचून आधीच करून दाखवले होते असे नाही, पण दोघांचे शतक फार लांबचे नाही. १९९०मध्ये सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, त्यामागेही हेच म्हणणे होते. फरक एवढाच, की मुलेयचा अर्ज फेटाळला गेला आणि आपल्या कोल्हापुरात राजर्षी शाहूंनी १९०६मध्ये मुसलमान मुलांसाठी बोर्डिंग काढून दिले, कुराण मराठीत यावे म्हणून पैशांची तरतूद केली. राज्यकर्ता काय ठरवतो यावर पिढ्यांचे भवितव्य ठरते, ते असे.

मग सहलीत बघायचे काय? राजांचे महाल बघायचेच, पण हाकललेली माणसे मागे जे ठेवून गेली ते अधिक बघायचे. उसाचेच घ्या. आपल्या 'शर्करे'ची फारसीत शकर झाली, अरबीत सुक्कर, स्पॅनिशमध्ये 'असूकार'. दहाव्या शतकापर्यंत ऊस अंदलूसला पोहोचला होता. ग्रानादाच्या दक्षिणेला मोत्रिल आणि सालोब्रेन्याच्या किनाऱ्यावर तो शतकानुशतके पिकला. तेथला शेवटचा उसाचा कारखाना २००६मध्ये बंद पडला. स्पॅनिश जहाजांनीच ऊस पुढे अमेरिकेला नेला. गळीत हंगामात गुऱ्हाळाच्या वासात वाढलेल्या आमच्या घराला हा किनारा परका कसा वाटेल? 'नारिंग' तिथे 'नारांखा' झाले. पाटाला 'असेकिया' म्हणतात, तो अरबी 'साकिया'. आल्पुहाराच्या डोंगरात असे पाट अजून वाहतात. 'ग्वादलकिविर' म्हणजे 'वादी अल-कबीर', मोठी नदी. कलिंगडाला म्हणतात 'सांदिया', म्हणजे सिंधचे. जकात नाक्याला 'आदुआना', तो आपलाच दिवाण. आणि 'असे होवो' म्हणताना प्रत्येक स्पॅनिश आजी 'ओखाला' म्हणते. त्यात अल्लाहचे नाव आहे, हे तिच्या ध्यानातही नसते. माणसे हाकलता आली, शब्द हाकलता आले नाहीत.

याच रस्त्याने जाऊ पाहणाऱ्यांसाठी आमच्या वहीतल्या काही नोंदी. तंजेरला जाऊन स्पेनला परतायचे असेल तर शेंगेन व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा मागावा. मोरोक्कोचा व्हिसा वेगळा. अल्हम्रातल्या नसरी महालांचे तिकीट ठरावीक वेळेचे असते, ते बरेच आधी काढावे. २५ डिसेंबर आणि १ जानेवारीला अल्हम्रा बंद असते. ग्रानादाच्या शेजारीच सिएर्रा नेवादाचा बर्फ आहे, स्वेटरांत कसूर नको. डिसेंबरअखेर मगरिब सहाच्या सुमारास होते, दिवस लहान धरूनच बेत आखावा. नाताळात दुकानोदुकानी 'मान्तेकादो' नावाची मिठाई मांडलेली दिसते. तिच्यात डुकराची चरबी असते, मुलांना आधीच सांगून ठेवावे. कोर्दोबाच्या मशिदीत आज नमाज पढू देत नाहीत, तेथे हुज्जत घालू नये. नमाजसाठी ग्रानादाच्या अल्बाइसिन टेकडीवर २००३मध्ये उघडलेली मशीद आहे, तिच्या बागेतून समोर अल्हम्रा दिसते. आणि बेगमच्या गुडघ्यांसाठी खुशखबर: सेव्हिलचा हिराल्दा मनोरा म्हणजे बाराव्या शतकातला मिनार, त्यात चढायला पायऱ्याऐवजी उतरण केलेली आहे. अगदी वरच्या टप्प्यालाच काय त्या थोड्या पायऱ्या.

दोन दिवसांनी मी नातीला बोलावले. तारीख बदलायची नाही, असे सांगितले. १४ जुलै २०२४ रोजी विशाळगडाच्या वाटेवरच्या गजापुरात घरांची आणि मशिदीची मोडतोड झाली, तेव्हा ती लहान होती, पण तिने घरातली कुजबुज ऐकली होती. "नाना, तेव्हाही ते जुनंच भांडण होतं का?" असे तिने विचारले. मी म्हणालो, भांडण आजचे असते, नाव जुन्याचे घेतात. आणि हेही सांगितले, की त्यानंतर शाहू छत्रपती गजापुरात जाऊन लोकांना भेटले, आणि या शहरातले अनेक हिंदू शेजारी आपल्या बाजूने उभे राहिले. ग्रानादाच्या चौकात फलक घेऊन उभी राहणारी माणसे तिला दिसावीत, एवढ्यासाठी तरी दोन जानेवारीला तिथे असायला हवे. सकाळी मिरवणूक लांबून बघायची, विरोध करणारेही बघायचे, आणि मग गाडी करून सालोब्रेन्याचा किनारा गाठायचा.

"तिथं ऊस मिळेल?" तिने विचारले.

"कारखाना बंद झालाय. बांधावर एखादं कांडं दिसलं तर बघू."

वहीत तिने आणखी एक सहल लिहायला लावली, आणि तिची तारीख सगळ्यांच्या आधीची आहे. येत्या रविवारी पन्हाळा. तीन दरवाज्यावरचा फारसी शिलालेख आमच्या घरात आजवर कोणी थांबून पाहिलेला नाही. अल्हम्राच्या भिंती वाचायला निघालेल्या माणसांनी आधी तो वाचावा, असे तिचे म्हणणे आहे. ते मला मान्य आहे.