मास्तरांचे नाव

लातुरात मुलांना मुक्तिसंग्रामाचा इतिहास शिकविताना मी हिप्परग्यापासून आरंभ करतो. निजामी राज्यात वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू. १९१८ साली निघालेले उस्मानिया विद्यापीठही उर्दूचेच. अशा दिवसांत, १९२१ साली, हिप्परग्यास लोकांनी आपली राष्ट्रीय शाळा काढली. व्यंकटेश खेडगीकर तिचे मुख्याध्यापक झाले. पुढे संन्यास घेऊन ते स्वामी रामानंद तीर्थ झाले, तरी शिकविणे सुटले नाही. मग अंबाजोगाईची योगेश्वरी शाळा, आणि १९३८ च्या सत्याग्रहात तुरुंग. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले.

आज लातूर परीक्षेतील गुणांसाठी ओळखले जाते. त्याचा मला अभिमानच वाटतो. परंतु ज्या मास्तरांनी वर्गातून देश शिकविला, त्यांचे नाव पोरांना केवळ नांदेडच्या विद्यापीठाच्या पाटीवरून ठाऊक असावे, हे मनाला बोचते.