मोमिनाबादच्या छावणीतून असल उत्तरकडे

डेक्कन हॉर्स म्हटलं की १९६५ चे रणगाडे आठवतात. लोह्याच्या मुलांना इतिहास शिकवताना मी मात्र या रेजिमेंटची गोष्ट अंबाजोगाईपासून सुरू करतो. तेव्हाचं मोमिनाबाद. हैदराबाद कंटिंजंटचा पहिला रिसाला, म्हणजे डेक्कन हॉर्सचा पूर्वज, तिथल्या छावणीत होता.

कंटिंजंट ही फौज नावाला निजामाची, अधिकारी इंग्रज. तिच्या खर्चापोटी १८५३ च्या तहात निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. म्हणजे ही घोडी पोसली वऱ्हाडी कुणब्याच्या शेतसाऱ्याने. स्वार शिलेदार होते. बंदूक सरकारची, घोडा, खोगीर आणि दाणावैरण ज्याची त्याने बघायची. घोडा मेला की पोटावर पाय. आमच्या माळेगावच्या यात्रेत दात मोजून, खूर उचलून, चाल बघून घोडा घेणारी माणसं मुलांनी पाहिलेली असतात. शिलेदाराचा जीव कशात अडकलेला असे, हे त्यांना चटकन कळतं.

जून १८५७ मध्ये हा रिसाला मोमिनाबादहून औरंगाबादला आणला गेला. निजामाच्या हद्दीबाहेर जाऊन दिल्लीच्या बादशहाविरुद्ध लढणार नाही, असं स्वारांनी बजावलं. जनरल वुडबर्न पुण्याहून फौज घेऊन आला आणि बंड मोडलं. कोणी फासावर गेला, कोणी तोफेच्या तोंडी.

१९०३ मध्ये कंटिंजंट मोडून ब्रिटिश हिंदी सैन्यात मिसळली गेली. तिची हिंगोलीची छावणी उठली आणि आपला रिसाला २० वा डेक्कन हॉर्स झाला. १४ जुलै १९१६ ला त्याचे स्वार फ्रान्समध्ये सोमच्या रणात, हाय वुडजवळ, भाले घेऊन मशीनगनच्या युगात दौडले. पुढे घोडे गेले, शर्मन रणगाडे आले. १९४५ मध्ये ते ब्रह्मदेशात मेक्टिलाच्या लढाईत होते.

सप्टेंबर १९६५ मध्ये पंजाबातल्या असल उत्तरला याच जुन्या शर्मननी पाकिस्तानच्या नव्या पॅटन रणगाड्यांना तोंड दिलं. रेजिमेंटचं नेतृत्व लेफ्टनंट कर्नल अरुणकुमार वैद्य या मराठी अधिकाऱ्याचं. त्यांना महावीर चक्र मिळालं, पुढे ते लष्करप्रमुख झाले. त्याच रणांगणावर आठवी कॅव्हलरी लढत होती. तिचंही एक मूळ हैदराबाद कंटिंजंटमध्येच.

सोम आणि मेक्टिला रेजिमेंटच्या मानाच्या यादीत आहेत. औरंगाबादचं १८५७ तिथे कसं असेल? पण परक्याचा हुकूम मोडून मेलेले स्वार आणि आपल्या देशाचा हुकूम मानून लढलेले जवान मला वेगळे काढता येत नाहीत. मी दोघांना एकाच धड्यात शिकवतो.