कृष्ण झालेली मंदाकिनी

तर मंडळी, आज जरा जुनी गोष्ट. दादासाहेब फाळक्यांबद्दल आपण शाळेपासून ऐकत आलोय. त्यांच्या मुलीबद्दल मात्र फारच कमी. मंदाकिनी फाळके. १९१९ च्या 'कालिया मर्दन' मधला बाळकृष्ण म्हणजे ही.

हा मूकपट बऱ्याच अंशी वाचलाय, यूट्यूबवर आहे, जरूर बघा. कृष्ण लगेच येतच नाही. आधी नुसता एका छोट्या मुलीचा चेहरा. पाटी सांगते की सात वर्षांच्या मुलीच्या या भावमुद्रा आहेत. मग एकामागून एक भाव तिच्या चेहऱ्यावर येत राहतात, आणि बघता बघता तिचा कृष्ण होतो.. पडद्यावर देव दिसला की प्रेक्षक हात जोडायचे, तो हा काळ. तरी फाळके आधीच सांगून टाकतात की ही एक मुलगी आहे आणि ती अभिनय करतेय. मला तर यात चित्रपटकर्त्यापेक्षा बापाचं कौतुकच जास्त दिसतं :)

पुढे कृष्णाच्या खोड्या. झोपलेल्या नवऱ्याची दाढी बायकोच्या केसांना बांधून ठेवणं वगैरे. आणि शेवटी पाण्याखाली कालियाशी झुंज, वर काठावर गोकुळाचा आकांत. ही पोरगी कुठेही अवघडलेली वाटत नाही. मोठी माणसंच जास्त नाटकी वाटतात.

गंमत बघा. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'साठी बायका मिळेनात, म्हणून तारामती झाले अण्णा साळुंके. १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये तर राम आणि सीता दोन्ही तेच! आणि इथे मुलगी कृष्ण. सरस्वतीबाई फाळके फिल्म धुवायच्या, तिला भोकं पाडायच्या, शिवाय सगळ्या मंडळींचा स्वयंपाक. पडद्यावर मात्र त्या आल्या नाहीत. आल्या त्या दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला, म्हणजे पुढच्या कमलाबाई गोखले, १९१३ मध्येच 'मोहिनी भस्मासुर'मध्ये. पण त्या नाटक कंपनीतल्या. पांढरपेशा घरातल्या बाईला ती वाट नव्हती. सात वर्षांच्या मुलीला चालून गेलं, कारण ती मूल होती आणि देव झाली होती. मोठी झाल्यावर कोण विचारणार होतं, असं माझं मत.

१९१८ चा 'श्रीकृष्ण जन्म' आणि १९१९ चा 'कालिया मर्दन'. मंदाकिनी म्हटलं की एवढीच दोन नावं पुढे येतात. तरीही ती नशीबवान म्हणायची. फाळक्यांचे बहुतेक चित्रपट नष्ट झाले. 'हरिश्चंद्र'चेसुद्धा तुकडेच उरलेत. मंदाकिनीचा चेहरा मात्र राहिला, तोही मुकुट चढायच्या आधीचा.