वाघोबा, ऊस आणि मामाची मोटार

गेल्या शनिवार-रविवारी लॅपटॉप घरी ठेवून आजोळी गेलो होतो, नारायणगावच्या अलीकडे. रात्री मामाच्या फोनवर ग्रुपमध्ये मेसेज आला: "ओढ्याकडं बिबट्या दिसलाय, सावध रहा". मी उत्साहाने विचारलं, "जाऊया का बघायला?" मामाने माझ्याकडे असं काही बघितलं की बस्स!

"तुमच्या पुण्यात फोटोपुरता बरा वाटतो रे. हितं रात्री दोनला लाईट येते. मोटार चालू करायला तू जा."

गप्प बसलो.

पण हे प्रकरण नेमकं सुरू कुठून झालं? जुन्नर-आंबेगावच्या पश्चिमेला, सह्याद्रीच्या कडेला, महादेव कोळ्यांच्या गावांत वाघोबा हा देव आहे. शेंदूर लावलेला दगड, आणि अश्विन वद्य द्वादशीला वाघबारस. आपण ज्या दिवशी गाईची पूजा करतो त्याच दिवशी तिथे वाघाची. त्याने गुरं राखावीत अशी विनवणी त्यालाच! भीमाशंकरचं अभयारण्य झालं 1985 साली. वाघोबा त्याच्या कितीतरी आधीचा.

पूर्वेकडची गोष्ट वेगळी. कुकडी प्रकल्पाचं पाणी आलं, जिरायती रानात ऊस उभा राहिला. ऊस वर्ष-दीड वर्ष हलत नाही. सावली, पाणी, लपायला जागा. खायला गावातली कुत्री, डुकरं, शेळ्या. बिबट्याला आणखी काय हवं? ऊसतोडीच्या वेळी फडात पिल्लं सापडतात. म्हणजे "जंगलातून गावात आला" हे वाक्यच चुकीचं. तो उसातच जन्मलाय.

सरकारी उपाय मात्र त्याच वाक्यावर बेतलेला होता. फेब्रुवारी 2001 ते डिसेंबर 2003 या काळात जुन्नर भागात 103 बिबटे पकडले गेले आणि त्यातले बरेच दूरच्या जंगलांत सोडले. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी नंतर हिशोब मांडला: आधी माणसांवर वर्षाला सरासरी 4 हल्ले होत, या काळात ते 17 वर गेले. त्यातल्या जीवघेण्या हल्ल्यांचं प्रमाणही 18 टक्क्यांवरून 36 वर. आमच्या भाषेत सांगायचं तर बग एका सर्व्हरवरून उचलून दुसऱ्यावर टाकला, आणि दोन्ही कोसळले! (त्या वर्षांत मी जेमतेम चालायला शिकत होतो. आजी पाचनंतर ओट्यावरून खाली उतरू देत नसे, असं आई सांगते.)

मग माणिकडोहचं निवारा केंद्र आलं. 2007 पासून वाइल्डलाइफ एसओएस तिथे वनखात्यासोबत आहे. पण पिंजऱ्यांना मर्यादा असतेच ना.

2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडला दोन लहान मुलं गेली. हा भाग जुन्नर वनविभागातलाच. लोकांनी मंचरला पुणे-नाशिक रस्ता अडवला. शेतात जाताना लोक गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालू लागले. कुत्र्याला घालतात तसे!! ते फोटो बघून आमच्या ऑफिसात काहीजण हसले होते. मला नाही हसू आलं.

मला वाटतं, बिबट्या मोजण्याआधी दिवसा वीज द्यावी. मामाला हे सांगितलं तर म्हणाला, "तेवढं झालं तरी अर्धं काम झालं." वाघोबाला नारळ मात्र तो अजून फोडतो. का, असं विचारलं तर नुसता हसला, बॅटरी घेतली आणि मोटारीकडे निघाला. दोन वाजले होते. यावेळी मीही सोबत गेलो, मोबाइलवर मोठ्याने गाणी लावून.