दूरची कळ

मंडळी, बीड जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला रात्रीची पाळी काही नवी नाही. शेतीची वीज वर्षानुवर्षे पुष्कळदा रात्रीच आली. मग हातात बॅटरी घेऊन विहिरीकडे निघायचे. वाटेत अंधार, पायाखाली विंचूकाट्याचे भय. मोटर चालू करून घरी यावे, तो वीज गेलेली! हा हेलपाटा वाचवणारी युक्ती मुळात शेतातली नव्हे, कारखान्यातली आहे.

१९६०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत बेल कंपनीचा '१०३' हा मॉडेम आला. मॉडेम करतो काय? यंत्राच्या खुणांचे सूर करून ते टेलिफोनच्या तारेवरून पाठवतो. पलीकडचा मॉडेम त्या सुरांच्या पुन्हा खुणा करतो. १९६९ साली 'मॉडिकॉन ०८४' हा नियंत्रक निघाला. कोणती मोटर केव्हा चालावी, केव्हा थांबावी, हे त्याला आधीच पढवून ठेवता येई. पुढे या दोघांची सोयरीक जमली. तंत्रज्ञाने कचेरीतून नंबर फिरवावा आणि दूरच्या पंपघराने जाब द्यावा!

हीच विद्या शेतावर आणली पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांनी. पंपासाठी आजोबांना घालावे लागणारे खेटे त्यांनी पाहिले होते. त्यांचे 'नॅनो गणेश' हे यंत्र स्टार्टरला जोडतात. शेतकरी मोबाईलवरून फोन लावून ठरलेले आकडे दाबतो. प्रत्येक आकड्याचा सूर वेगळा. तो ओळखून यंत्र पंप चालू वा बंद करते. वीज आहे की नाही, हेही आवाजावरून समजते. २००९ साली नोकिया कंपनीच्या स्पर्धेत त्याला पारितोषिक मिळाले.

परंतु एक ध्यानात ठेवा : दूरची कळ आंधळी असते. फोन कोणी केला, हे तिला दिसत नाही. मार्च १९९७ मध्ये अमेरिकेतल्या वूस्टर गावी एका पोराने घरच्या मॉडेमवरून टेलिफोन कंपनीच्या यंत्रात शिरकाव केला, आणि विमानतळाच्या मनोऱ्याचे फोन सुमारे सहा तास बंद पडले. तेव्हा आपले गुप्त आकडे घराच्या किल्लीसारखे जपा.

दुसरे त्याहून महत्त्वाचे. फोन करणाऱ्याला विहीर दिसत नाही. तिथे कोणी मोटर दुरुस्त करीत असेल, तर? म्हणून मोटरीला हात लावण्यापूर्वी मेन स्विच बंद करा, फ्यूज काढून खिशात ठेवा. गुरुजनहो, एवढा धडा मुलांनाही अवश्य द्या.