मुंबई बंदराचे विश्वस्त

एल्फिन्स्टन लँड अँड प्रेस कंपनी १८५८ साली स्थापन झाली. कापसाच्या गाठी दाबणे हा तिचा एक उद्योग. परंतु मुंबईच्या इतिहासात तिचे नाव राहिले ते समुद्र हटवून मिळविलेल्या जमिनीमुळे. रेल्वेच्या उपयोगासाठी सरकारला १०० एकरांची भरणी करून द्यावी आणि मोबदल्यात २५० एकर स्वतःसाठी भरून घ्यावी, अशा स्वरूपाचा तिचा करार होता. करणाऱ्यांना तो किफायतशीर वाटला असावा. पण त्यातून बंदराचा मोक्याचा किनाराच भागधारकांच्या हाती जात होता, ही गोष्ट बरीच उशिरा ध्यानी आली. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) कापसाच्या व्यापाराला आलेले उधाण १८६५ मध्ये ओसरले. १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला आणि मुंबईचे महत्त्व एकदम वाढले. मग १८७० मध्ये सरकारने कंपनीची बंदरातील मालमत्ता विकत घेतली. जे आपण होऊन दिले होते, तेच दाम मोजून परत घ्यावे लागले.

या व्यवहारातून १८७३ साली मुंबई पोर्ट ट्रस्टचा जन्म झाला. येथे ‘ट्रस्ट’ हा शब्द नीट समजून घेतला पाहिजे. खासगी न्यासात ज्याच्या हितासाठी मालमत्ता सांभाळावयाची, तो लाभार्थी ठरलेला असतो. येथे तसा कोणी नव्हता. विश्वस्त मंडळ ही कायद्याने निर्मिलेली निगम संस्था होती. तिला भागधारक नव्हते, म्हणून लाभांशही नव्हता. जकात व भाडे यांचे उत्पन्न बंदरावर आणि कर्जफेडीवर खर्च व्हावयाचे होते. पहिले अध्यक्ष कर्नल बॅलार्ड यांचे नाव आजही बॅलार्ड इस्टेटला आहे. मात्र आरंभीची वर्षे सुखाची गेली नाहीत. किनाऱ्याचा काही भाग खासगी मालकांकडेच राहिल्याने त्यांच्या धक्क्यांशी ट्रस्टला स्पर्धा करावी लागली. १८७५ मध्ये बांधून झालेली ससून गोदी १८७९ मध्ये ट्रस्टकडे आली आणि त्याच वर्षी नवा कायदा झाला. पुढे १८८० मध्ये प्रिन्सेस गोदी आणि १९१४ मध्ये अलेक्झांड्रा गोदी उभी राहिली.

या रचनेचे मर्म मंडळाच्या घटनेत होते. सरकारनियुक्त सभासदांबरोबर बॉम्बे चेंबर ऑफ कॉमर्सने निवडून दिलेले विश्वस्तही मंडळात बसत. जकात ठरविणाऱ्यांत जकात भरणाराही असे. अर्थात हा व्यापारी बहुतांशी युरोपियन होता, हे विसरून चालणार नाही. १९०७ साली स्थापन झालेल्या इंडियन मर्चंट्स चेंबरला मंडळात स्थान मिळाले ते नंतर; आणि गोदीत पाठीवर ओझे वाहणाऱ्याचा विचार तर त्याहून कितीतरी उशिरा झाला. १९६३ चा महाबंदर न्यास कायदा १९७५ साली मुंबईला लागू झाला. त्यात कामगार, जहाजमालक आणि माल पाठविणारे व्यापारी या सर्वांच्या प्रतिनिधित्वाची तरतूद होती.

दर ठरविण्याचा अधिकार १९९७ मध्ये विश्वस्तांकडून काढून एका स्वतंत्र प्राधिकरणाकडे सोपविण्यात आला. त्या सुमारास न्हावाशेवा येथे खासगी कंपनीच्या धक्क्याचा करार झाला होता. बंदराने जमीन व पाणी द्यावे आणि माल दुसऱ्याने हाताळावा, ही पद्धत तेथून रूढ होऊ लागली. एल्फिन्स्टन कंपनीच्या कराराची येथे आठवण होणे साहजिक आहे. भेद इतकाच, आणि तो मोठा, की नवा करार मुदतीचा होता, किनारा कायमचा देणारा नव्हता.

१९६३ च्या कायद्याची जागा २०२१ च्या महाबंदर प्राधिकरण कायद्याने घेतली. ‘ट्रस्ट’ हे नाव गेले, मंडळ आटोपशीर झाले आणि दर ठरविण्याचा अधिकार पुन्हा मंडळाकडे आला. रेल्वे, संरक्षण, सीमाशुल्क व राज्य सरकार यांचे सभासद राहिले. कामगारांच्या दोन जागाही राहिल्या. व्यापारी आणि जहाजमालक यांच्या प्रतिनिधित्वाची तरतूद मात्र उरली नाही. तेथे दोन ते चार ‘स्वतंत्र’ सभासद आले. ज्या वर्गाच्या सहभागावर १८७९ ची घटना उभी होती, त्याला आता दराविषयी तक्रार असल्यास मंडळाबाहेर, न्यायनिवाडा मंडळापुढे दाद मागावी लागते.